उजव्या बैलाचं गाणं

आमचा उजवा बैल मेला तेव्हा वांगी फुलावर आली होती आणि विहिरीत पाणी होतं. विहीर आटली असती तर बरं झालं असतं, असं माय पुढं कित्येक वर्षं म्हणायची. विहीर आटली की माणूस मळा सोडून देतो, जिनिंगवर हमाली करायला जातो, निदान मोकळा तरी होतो. आमचं पाणी खाली दिसत होतं. ते वर काढायला मोटेला दोन बैल लागतात, आणि आमच्याजवळ एक उरला होता.

मळा आमचा नव्हता. अमरावतीहून भातकुलीकडं जाणाऱ्या वाटेवर एका वकिलाची विहीर होती. ती आणि तिच्याभोवतीची जमीन बानं मक्त्यानं घेतली होती. बा म्हणजे माझे वडील. आम्ही माळी. वांगी, मेथी, सांबार लावायचो. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण अमरावतीच्या बाजारात कोथिंबीर मागितली तर बाया तोंडाकडं पाहत. दसऱ्याला झेंडू असायचा. माय पाटी डोक्यावर घेऊन पायी बाजारात जाई, आणि विकली गेली नाही ती भाजी आम्ही खायचो. माझ्या लहानपणी आम्हाला ताजी मेथी माहीत नव्हती.

त्या उन्हाळ्यात बैलांचा रोग गावोगाव फिरला. ज्यांची जनावरं वाचली त्यांच्याही मोटा चालू होत्या. भर उन्हाळ्यात कोण कोणाला बैल देतो? बानं गावभर विचारून पाहिलं. मग एका सकाळी माझ्या मोठ्या भावानं पोत्याची घडी करून उजव्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, "मी लागतो."

माय ओरडली, "मानूस हायेस का ढोर?"

"वांगे वायून राहिले ते पाह्य अदुगर," भाऊ म्हणाला.

बानं मोट कापून लहान करून आणली, आणि माझा भाऊ बैलाच्या जोडीला जुंपला गेला.

ज्यानं मोट पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठाशी उतरती धाव असते. बैल ती धाव उतरत नाडा ओढतात, नाड्याला बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग बैल पाऊल मागं घेत पुन्हा वर चढतात. हाकणारा नाड्यावर बसून खाली जातो, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांना मदत होते. आणि तो गातो. शौक म्हणून कोणी मोटेवर गात नाही. आवाजावर जनावर चालतं, आवाजावर थांबतं. लांब वाफ्यात पाणी वळवणाऱ्याला आवाजावरूनच कळतं की मोट कुठवर आली.

बा त्या उन्हाळ्यात एक नवं गाणं म्हणू लागला. चाल त्याचीच, शब्दही त्याचेच. गाणं उजव्या बैलाच्या थट्टेचं होतं. उजव्याला कडबा चालत नाही, उजवा रुसतो, उजव्याला डाव्याकडून चार अकलेच्या गोष्टी शिकवा, असं. एकच कडवं इथं लिहितो, बाकीचं लिहिणार नाही:

डाव्याले कडबा, उजव्याले भाकर,
उजव्याचे नखरे लय गाऽऽ

त्या शेवटच्या 'गा'वर बा थांबे. सूर धरून ठेवी. तो सूर चालू असेपर्यंत जोडीनं जागेवर उभं राहायचं. सकाळी तो 'गा' लहान असे. ऊन चढलं की लांबत जाई. बा नाड्यावरून उतरून समोर येई, भावाच्या छातीकडं पाहत असे, आणि ती खालीवर व्हायची थांबली की मगच पुढचं कडवं घेई. पहिल्या पहिल्यानं भाऊ हसायचा. "बा, उजव्याले चटनी बी पाह्यजे म्हना," असं जोत्यातूनच सांगायचा. पुढं तो हसायचा बंद झाला, पण बानं थट्टा सोडली नाही. बापाजवळ लेकराला द्यायला त्या वेळी तेवढंच होतं.

माझं नाव शाळेत राहिलं ते त्या उन्हाळ्यात भावानं मोट ओढून मळा राखल्यामुळं. मी हे दया यावी म्हणून लिहीत नाही. दया मला चालत नाही. जे होतं ते लिहितो. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही.

झेंडूच्या पैशातून दसऱ्यानंतर नवा बैल आला. भावाचा उजवा खांदा उतरला तो उतरलाच. त्यावर जुवाची गाठ राहिली, आणि पळालं की छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो बाराही महिने त्या खांद्यावर शेला टाकायचा. बा नव्या जोडीवरही तेच गाणं म्हणत राहिला. त्याच्या लेखी त्या गाण्यानं मळा वाचवला होता. गाणं सुरू झालं की भाऊ फावडं उचलून लांबच्या वाफ्याकडं निघून जाई. बाला वाटे, पोरगा कामाचा आहे.

भावासाठी पहिली सोयरीक आली ती दर्यापूरकडची. पाहुणे जेवले, पान खाल्लं, बोलणं जमलं. परत जाताना गावातल्याच कोणीतरी त्यांना हसतहसत ती मोटेची गोष्ट सांगितली. त्यात वाईट हेतू नसेलही. आमच्याकडं गंमत म्हणून माणूस काहीही सांगतो. निरोप आला तो असा: "आमी बैलाले पोरगी देत नाई."

हा निरोप माय आणि मी ऐकला. भावाला मायनं सांगितलं की पत्रिका जुळत नाही. भाऊ म्हणाला, "हाव, बैलाची पत्रिका कोन काढते?" म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. बाला कोणी काही सांगितलं नाही. काय सांगणार? ज्या गाण्याला तू माया समजतोस तेच त्याच्या मागं लागलं आहे, हे बापाला सांगायची हिंमत आमच्या घरात कोणाचीच नव्हती. माझीही नव्हती, आणि मी तर घरातला शिकलेला.

मी कॉलेजात गेलो. अमरावतीत तेव्हा कॉलेज होतं आणि परीक्षा नागपूरच्या युनिव्हर्सिटीची असे. आमच्या गावातून तिथवर गेलेला मी पहिला. कॉलेजात मी गाणी लिहायला लागलो. गॅदरिंगला माझी पदं म्हटली गेली, त्यांना चालीही मीच दिल्या. बाचा मुलगा असल्यावर चाल लावायला शिकावं लागत नाही. एका नाटक कंपनीचा मुक्काम अमरावतीत होता. त्यांच्या मालकानं मला बोलावून नव्या नाटकाची पदं मागितली. मी हात जोडून नको म्हटलं. परीक्षा तोंडावर होती, आणि परीक्षेसाठी कोणीतरी आपला खांदा दिला होता. मालकाला मी एवढंच म्हणालो, "आपण मला या योग्य समजलात यातच मला सर्व मिळालं." हे वाक्य मी एका प्रोफेसरांकडून उचललं होतं. नको म्हणायचं तर समोरच्याला बक्षीस दिल्यासारखं म्हणायचं, हे कॉलेजात शिकलो. आमच्या बोलीत त्याला एकच शब्द आहे: नाई.

त्या मालकाकडून माझं नाव फोनोच्या एजंटाकडं गेलं. ग्रामोफोनला आम्ही फोनो म्हणायचो आणि त्याच्या तबकडीला तवा. हा एजंट मुंबईचा. तवे भरणाऱ्या एका कंपनीसाठी तो नवी गाणी शोधत हिंडे आणि अकोल्याला स्टेशनाजवळ एक माडी भाड्यानं घेऊन राहिला होता. माणूस वाईट नव्हता. बोलणं गोड, टोपी काळी, हातात पानाचा डबा. मी सुटीत घरी आलो होतो तेव्हा तो टांगा करून थेट मळ्यावर आला.

त्यानं माझी पदं मागितली. मी माझं ठेवणीतलं वाक्य काढणार, इतक्यात धावेवरून बाचा आवाज आला. एजंट बोलता बोलता थांबला. उजव्याचे नखरे आले तेव्हा तो मोठ्यानं हसला. पुढच्या कडव्याला मांडीवर हात मारून हसला.

"अहो, हे काय आहे? हे कुणाचं?"

"वडिलांचं," मी म्हणालो.

"तुमची पदं राहू द्या. मला हे द्या! तुम्ही पदवीधर होणार, जरा घासून-पुसून घ्या, दोनचार कडवी वाढवा. उजव्याचं लग्न घाला त्यात! लोक खुर्चीवरून पडतील."

बा घाम पुसत आला. एजंटानं त्याला सांगितलं की तुमचं गाणं तव्यावर घेऊ, मुंबई-पुण्याला वाजेल. बा उभाच राहिला. आजवर टांग्यातून उतरून कोणी त्याच्याकडं आलं असेल तर मक्ता मागायला. लांब वाफ्यात भाऊ पाणी वळवत होता, त्याची पाठ आमच्याकडं होती.

मायनं गुळाचा चहा दिला. एजंटानं डबा उघडला. बा म्हणाला, कामात पान खात नाही. "मग सुपारी तरी घ्या," असं म्हणून एजंटानं डब्यात पाहिलं. अडकित्ता माडीवरच राहिला होता. त्यानं एक अख्खी सुपारी बाच्या हातावर ठेवली.

बानं डोक्याचं फडकं सारखं केलं, सुपारी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

एजंट हसला. त्याला वाटलं, खेड्यातला माणूस, किती रीत पाळतो. ती रीत कुठली, हे मला मात्र माहीत होतं. आमच्याकडं दंडारीचा खेळ असो, भजन असो, वाजंत्री असो, ज्याला बोलवायचं त्याच्या म्होरक्याच्या हातावर अख्खी सुपारी ठेवतात. घेतली की काम ठरलं. मग घरात मयत झाली तरी जावं लागतं.

टांगा गेल्यावर मी म्हणालो, "बा, त्यानं ते खायले देल्ली."

"खायले देते तं कातरून देते. अक्खी काहून देल्ली?"

"अडकित्ता नव्हता त्याच्याजवळ."

"येवढा मोठा मानूस, डबा चांदीचा, आन अडकित्ता नाई?" बा म्हणाला. "तू बुकं शिकला, मानसं नाई शिकला."

माय म्हणाली, "आता फोनोत बसून गाशीन काय? वांगे कोन तोडन?"

"तू तोड," बा म्हणाला. इतका खुशीत तो मी कधी पाहिला नव्हता. सुपारी त्यानं चंचीत ठेवली आणि चंची कमरेला खोचली.

आता मुद्दा सांगतो. भावाची दुसरी सोयरीक त्याच महिन्यात ठरत होती. अकोटची माणसं, सरळ, फुलमाळीच. दूर असल्यामुळं त्यांना काही माहीत नव्हतं. भावाचं वय उलटत चाललं होतं, आणि ही मोडली तर पुढं कोणी येणार नव्हतं. तवा निघाला की तो अकोटच्या बाजारात वाजणार. गाणं एकटं कुठं जात नाही, त्याच्या मागून त्याची गोष्ट जाते, आणि गोष्ट सांगणारी हौशी माणसं आमच्या गावात पुष्कळ होती.

म्हणून नको म्हणायचं काम माझ्याकडं आलं. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं.

आधी पत्र पाठवलं. आपल्या विनंतीचा मान राखता येत नाही याचं अत्यंत दुःख होतं, वगैरे. एजंट कॉलेजच्या खोलीवर हजर. "तुमचा विनय फार आवडला," म्हणाला. मी सांगितलं, वडिलांचं वय झालं आहे, मुंबईचा प्रवास झेपणार नाही. तो म्हणाला, मशीन अकोल्यालाच आणवतो. मी म्हणालो, त्यांचा आवाज तव्याजोगा नाही. तो म्हणाला, मग गायिका देऊ, गाणं तुमचंच. मी म्हणालो, माझी परीक्षा आहे, घासून-पुसून द्यायला वेळ नाही. तो म्हणाला, परीक्षा होऊ द्या, तोवर दुसरा लेखक बघतो. मी बांधलेलं प्रत्येक कुंपण त्यानं मोठ्या प्रेमानं बाजूला सारलं. खरं कारण सांगितलं असतं तर कदाचित तो गप्प बसला असता. पण खरं कारण म्हणजे माझा भाऊ बैलाच्या जागी होता हे वाक्य. ते वाक्य त्या गोड माणसाच्या हाती गेलं की त्याचंही गाणं झालं असतं.

सरळ 'नाई' म्हणून हाकलून द्यावं, तर बाच्या कमरेला सुपारी.

एका बाजाराच्या दिवशी भाऊ भाजीची गाडी घेऊन अमरावतीला आला होता. मी त्याला मदत म्हणून गेलो आणि वांग्याच्या पाट्या उतरवता उतरवता विषय काढला.

"तो फोनोवाला काई सोडत नाई."

"तं जाऊ दे ना बाले," भाऊ म्हणाला. "त्याले आजवर कोनी मांगतलं काय काही, वांग्याबिगर?"

"आन तुह्यं?"

त्यानं शेला सारखा केला. "माह्यं काय. अकोटवाले फोनो ऐकत नसतीन."

"अन ऐकला तं?"

"तं म्हनजो, आमचा भाऊ आता डाव्या बाजूनं चालते." आणि तो हसला. हसताना छातीत शिट्टी वाजली. मग एका बाईनं वांग्याचा भाव विचारला आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं. बा भावासाठी गात होता, भाऊ बासाठी गप्प होता, आणि मधे मी, ज्याला चार भाषांत नको म्हणता येत होतं आणि एकीतही ते लागू पडत नव्हतं.

शेवटी एजंटाचा निरोप आला की मशीन यायच्या आधी एकदा गाणं ऐकून वेळ धरू, अकोल्याला या. बानं धोतराला खळ करून घेतली. भावाला म्हणाला, "तू बी चाल. तू समोर नसला तं मले ते गानं येत नाई." भावानं शेला झटकून खांद्यावर टाकला. बडनेऱ्याहून आम्ही गाडीत बसलो. सगळ्या वाटेनं बा खिडकीतून लोकांच्या विहिरी पाहत होता आणि कोणाची मोट फाटकी, कोणाचा बैल आळशी, ते आम्हाला सांगत होता.

माडीवर हार्मोनियमवाला होता, तबलजी होता आणि एक कारकून घड्याळ घेऊन बसला होता. बाला मधोमध गादीवर बसवलं. मी भिंतीशी. भाऊ दाराजवळ, जिथं जोडे काढले होते तिथं उकिडवा बसला. कितीही म्हटलं तरी आत आला नाही.

बानं सुरू केलं. बंद खोलीत त्याचा आवाज फार मोठा वाटला. हार्मोनियमवाल्याला सूर सापडायला वेळ लागला. मग डाव्याला कडबा आला, उजव्याला भाकर आली, आणि सगळे हसले. बाला ते हसणं आवडलं. त्याचा चेहरा उजळला. तो 'गा'वर आला आणि थांबला. सूर धरून ठेवला. धरून ठेवला.

कारकुनानं घड्याळाकडं बोट केलं. एजंट म्हणाला, "छान! फक्त तेवढं लांबवू नका. तव्यावर जागा कमी असते. तिथं का थांबता?"

"तिथं थांबाच लागते, सायेब."

"पण का?"

तबलजी म्हणाला, "बैलाला दम लागला असेल, दुसरं काय!"

खोलीभर हसू फुटलं. कारकूनही हसला. तबलजीनं बैल धापा टाकतो तशी नक्कल केली, तेव्हा हार्मोनियमवाल्यानं डोळे पुसले.

बा सवयीनं समोर पाहत होता, म्हणजे दाराकडं. दारात माझा भाऊ हसत होता. सगळे हसतात म्हणून हसत होता, तोंड उघडून, आणि त्याचा डावा हात उजव्या खांद्यावरच्या शेल्यावर घट्ट दाबलेला होता.

बा त्याच्याकडं किती वेळ पाहत राहिला मला सांगता येणार नाही. हसणं विरलं. एजंट म्हणाला, "हं, घ्या पुढं. उजवा रुसला ते घ्या."

बा म्हणाला, "गानं विसरलो, सायेब."

"अहो, आत्ता तर म्हणत होतात!"

"आत्ताच विसरलो."

"असं कसं? मुलाला विचारा, त्याला पाठ असेल."

एजंटानं माझ्याकडं पाहिलं. बानंही पाहिलं. मी म्हणालो, "मलाही येत नाही." माझ्या सगळ्या कॉलेजी नकारांत तेवढाच एक कामाचा ठरला, आणि तोही बाच्या मागून बोललेला.

बानं कमरेची चंची सोडली. अख्खी सुपारी काढली आणि हार्मोनियमच्या डोक्यावर ठेवली. तिला हात लावून नमस्कार केला. "चूक झाली. तुमी बोलावलं, लय मान देल्ला. राग धरू नोका." एजंटाला ती सुपारी काय आहे हे तेव्हाही कळलं नाही. त्यानं ती उचलली आणि डब्यात टाकली. खाली उतरताना बानं दाराशी वाकून भावाचे जोडे सरळ करून त्याच्या पायाशी ठेवले. भाऊ म्हणाला, "बा, हे काय करता?"

घरी मायनं विचारलं, "भाजला काय तवा?"

"कच्चाच राह्यला," भाऊ म्हणाला. बा तसाच विहिरीवर गेला.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती आनंदानं सांगत फिरलो असतो. पण दुसऱ्या सकाळी बानं मोट जुंपली आणि गायलाच नाही. बैल धावेच्या टोकाशी उभे राहिले. त्यांना आवाजाची सवय. बानं चुचकारलं, जीभ वाजवली, शेवटी कासरा ओढला. बैल निघाले, पण अर्ध्यात थांबून मागं पाहू लागले. आजूबाजूच्या मळ्यांवरून गाणी ऐकू येत होती. आमच्या विहिरीवर नुसती चाकाची कुरकुर. लांबच्या वाफ्यात भावाला कळेना, पाणी केव्हा वळवायचं. तो फावडं खाली टाकून आला.

"बा, म्हना ना कायतरी."

"येत नाई."

"दुसरं म्हना. देवाचं म्हना."

"कोनतंच येत नाई रे."

मला वाटलं, चार दिवसांनी सूर निघेल. निघाला नाही. भाऊ वारंवार सांगत राहिला. एकदा तर त्यानं स्वतः धावेवर उभं राहून तेच गाणं सुरू केलं, उजव्याच्या नखऱ्यांचं, बाला हसवायला. 'गा'पर्यंत त्याचा दम पुरला नाही. बानं त्याच्या हातातून कासरा घेतला आणि म्हणाला, "राहू दे. छाती दुखन." त्यानंतर आमच्या मळ्यात ते गाणं निघालं नाही. बानं रागानं सोडलं असतं तर समजूत घालता आली असती. त्याला ते खरंच आठवेनासं झालं. मी एकदा पहिली ओळ सांगितली तर परक्याचं ऐकावं तसं ऐकून म्हणाला, "हे कोनाचं?"

मला पुढं बोलावणी येतच राहिली. नाटकवाल्यांनी पुन्हा विचारलं. पुण्याच्या एका सिनेमा कंपनीनं वऱ्हाडी ढंगाची गाणी हवीत म्हणून माणूस पाठवला. वऱ्हाडी ढंग म्हणजे काय, तर 'मले-तुले' आलं की प्रेक्षक हसला पाहिजे. तोच एजंट दोनदा आला आणि दोन्ही वेळा गोड बोलला. त्यांच्यासाठी मला ठेवणीतली वाक्यं लागली नाहीत. चहा पाजायचो आणि म्हणायचो, "विसरलो, साहेब." लोक समजत, हा शिष्ट आहे. सुरुवातीला ती थाप होती. पदं डोक्यात यायची आणि मी त्यांना परत पाठवायचो. मग ती यायची बंद झाली. पहाटे चाल सुचायची ती जागा अजून माहीत आहे, तिथं काही नसतं.

माझ्या एका मित्रानं एकदा विचारलं, इतकी दारं ठोठावली गेली, एकही उघडावंसं वाटलं नाही? वाटलं. प्रत्येक वेळी वाटलं. मी संत नाही. माझ्या पदांचा तवा असता तर तो मी छातीशी धरून झोपलो असतो. पण मला जे येत होतं ते सगळं त्या धावेवरून आलेलं, आणि त्या धावेवर कोण उभं होतं हे मला माहीत होतं. त्यातलं थोडंसंच विकायचं आणि बाकीचं झाकून ठेवायचं, ही कला मला जमली नाही.

बा गेला तेव्हा भावानं त्याच्या तोंडात पाणी घातलं. भाऊ त्याच्यानंतर फार वर्षं राहिला नाही. अकोल्याच्या दवाखान्यात तो शेवटी शेवटी श्वास धरायचा आणि सोडायला विसरायचा. मी उशाशी बसून त्याच्या छातीकडं पाहत असे. बा पाहायचा तसा. फरक इतकाच की मला सूर धरता येत नव्हता. वकिलाच्या मुलानं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, मग मोटेची धाव नांगरून टाकली. आता तिथं गाणं म्हणायला जागाही नाही.

मी बी.ए. झालो, आमच्या गावातला पहिला. अकोल्याच्या एका शाळेत मास्तर झालो आणि तिथंच निवृत्त झालो. भावाचं लग्न अकोटला झालं. त्याच्या सासरच्या माणसांनी त्याला मरेपर्यंत जावईबुवाच म्हटलं. ते गाणं कुठल्याही तव्यावर नाही.